मांडवाबाहेरची गाडी

डिकीच्या आडोशाला उभं राहून मधुकरने कागदी पेल्यात व्हिस्की ओतली, वर कोल्ड्रिंक घातलं आणि पेला भाच्याच्या हातात दिला.

“हळू घे. सरबत नाय ते.”

दिपेशने मान हलवली आणि एका दमात अर्धा पेला संपवला. सोळा वर्षांचं पोर. डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते त्याने घाम पुसल्यासारखं करून बाहीने टिपलं. भोवतीचे चार-पाच जण हसले. म्हातारा देवजी चण्यांचा बकाणा भरता भरता म्हणाला, “पोरगं मामावर गेलंय, मधुकर.”

मधुकरला ते ऐकून बरं वाटलं. हा दिपेशचा दुसरा पेला होता. पहिला मघाशी दिला, खुर्च्या वाहून पोर दमलं होतं म्हणून. तेव्हा त्याच्या आईने, रंजिताने, त्याला परत आत बोलावून नेलं होतं, आता तो आपणहून आला होता.

आत मांडवात रूपेशची हळद चालली होती. रूपेश म्हणजे रंजिताचा थोरला, दिपेशचा भाऊ. रंजिता मधुकरची धाकटी बहीण. महिनाभर आधीच तिने भावाला बजावलं होतं, “दादा, माज्या मांडवात बाटली दिसली नाय पायजे.” गावानेही हळदीत दारू बंद असा ठराव केला होता आणि सगळ्यांनी हात वर करून तो मंजूर केला होता. त्यातले बरेच हात आता मधुकरच्या गाडीभोवती पेले धरून उभे होते. मधुकर मात्र दिल्या शब्दाला जागला होता. मांडव जिथे संपत होता तिथे दोरी बांधलेली होती आणि त्याची गाडी दोरीच्या पलीकडे, रस्त्यावर उभी होती. मांडवात थेंब नव्हता.

पोरांचीही सोय त्याने विचार करून केली होती. वाईन शॉपमध्ये त्यांच्यासाठी म्हणून बिअरचे कॅन वेगळे घेतले होते. पोरं पिणारच, तो सगळ्यांना सांगायचा. कुणाकडून तरी मागवून खाडीच्या बांधावर बसून पिण्यापेक्षा मामाच्या डोळ्यांसमोर घेतलेली काय वाईट? कॅन मात्र मोठ्यांनीच संपवले, म्हणून दिपेशच्या वाट्याला व्हिस्की आली.

मांडवातून भाग्यश्री बाहेर आली. ही दिपेशची चुलत बहीण, आजची करवली. गालांवर हळद होती आणि पदर कमरेला खोचलेला. तिला बघून दिपेशने पेला पाठीमागे नेला. तिचा बाप नंदकिशोर गाडीला टेकून उभा होता, त्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

“मधुमामा, काकी विचारते तुमची गाडी भेटंल का? उष्टी हळद खारघरला पोचवायचीय. नवरीकडच्या बाया कवाच्या बसून हायेत.”

“बाकीच्या गाड्या कुटं गेल्या?”

“बेंजोवाल्यांचा टेम्पो गल्लीत आडवा घातलाय. आतलं कायच बाहेर निघत नाय. तुमचीच तेवडी रस्त्यावर हाय.”

मधुकरने डिकीकडे पाहिलं. बर्फाची पेटी, बाटल्या, सोड्याचे क्रेट, चकण्याच्या पिशव्या. गाडी द्यायची तर हे सगळं भर रस्त्यात उतरवावं लागणार, आणि रंजिता दोरीपर्यंत आली तर झालंच.

“बॅटरी उतरलीय,” तो म्हणाला. “सकाळपासून चालूच होत नाय.”

डिकीतला छोटा दिवा लख्ख जळत होता. भाग्यश्रीने त्या दिव्याकडे पाहिलं, मग बापाच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. “बरं,” ती म्हणाली. “दिपेश, चल. काकी बोलावते.”

दिपेशने उरलेला पेला घशात ओतला आणि तिच्यामागे गेला. दोरी ओलांडताना त्याचा पाय अडकला, पण तो सावरला. दोरीत पाय तर कुणाचाही अडकतो, असं मधुकरने मनाशी म्हटलं आणि देवजीचा पेला भरायला घेतला.

तो भरतोय तोवर मांडवाच्या कडेच्या बोळातून स्कूटर बाहेर आली. पुढे दिपेश, मागे भाग्यश्री, आणि तिच्या मांडीवर लाल खणाने झाकलेली पितळेची वाटी. दिपेशकडे लायसन्स नव्हतं, ते कुणाच्या मनातही आलं नसणार. दोन वर्षं तो गावात स्कूटर फिरवत होता.

मधुकरच्या हातात बाटली तशीच राहिली. ‘थांब’ म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण थांब म्हटलं की ‘का’ असं विचारलं जाणार, तेही मांडवाच्या तोंडाशी, सगळ्या बायांच्या समोर. त्याने नुसता हात वर केला. दिपेशला वाटलं मामा टाटा करतोय. त्यानेही हँडलवरचा एक हात सोडून हलवला, स्कूटर थोडी डुचमळली आणि वळणाआड गेली.

“पेला,” देवजीने आठवण करून दिली.

मधुकरने पेला भरला. त्याने भाग्यश्रीला फोन लावला. बराच वेळ वाजून तो बंद झाला. पुन्हा लावला. वाऱ्यात ऐकू येत नसेल, वाटी धरलीय म्हणून घेता येत नसेल. विमानतळाच्या बाजूने खारघरला जाणारा रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर आला. संध्याकाळी तिथे डंपर एकामागोमाग एक सुटतात, आणि रिकामे डंपर भरलेल्यांपेक्षा जोरात पळतात.

आपण मागून जावं, असं त्याला वाटलं. किल्ली खिशातून काढली आणि तशीच हातात धरून राहिला. तो स्वतः दुपारपासून घेत होता. मग त्याने भोवती नजर फिरवली. नंदकिशोर, देवजी, देवजीचा जावई, गावच्या कमिटीतले दोघे. गाडीपाशी एकही माणूस स्टिअरिंगला हात लावायच्या लायक राहिलेला नव्हता, आणि हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मांडवात कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “खारघरवरनं फोन आलाय. हळद कुटं राहिली विचारतात.”

मधुकरने किल्ली मुठीत धरली. तो दोरी ओलांडून आत गेला.

धवलारीण म्हातारी माइकसमोर बसून लग्नाची गाणी म्हणत होती. पाटावर रूपेश पिवळा होऊन बसला होता आणि त्याच्या पायांशी रंजिता ओणवी होऊन त्याच्या घोट्यांना हळद चोळत होती.

“रंजिता, जरा बाहेर ये.”

“काय ते इथंच बोल दादा, हात भरलेत माजे.”

तो तिच्याजवळ उकिडवा बसला. तोंड बाजूला वळवून बोलला, तरी वास तिला आलाच. तिचा हात थांबला.

“गाडी चालू हाय माजी,” तो म्हणाला. “बॅटरीला काय झालेलं नाय.”

“मग मगाशी?”

“डिकीत माल हाय. आनि दिपेशला मी दिली. दोन पेले. व्हिस्की.”

रंजिता त्याच्याकडे बघत राहिली. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं, ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने पिवळा हात पुढे केला. त्याने किल्ली त्यावर ठेवली.

ती गाडीपाशी आली तसे सगळे बाजूला झाले. तिने डिकी धाडकन लावली, आतलं काहीही न उतरवता, आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला. ती शाळेची व्हॅन चालवायची. रोज सकाळी उलव्याच्या बिल्डिंगांमधली मुलं गोळा करून शाळेत सोडायची, त्यामुळे हे सगळं तिच्या हातांना सवयीचं होतं. मधुकर बाजूला बसला.

पहिल्याच स्पीडब्रेकरला मागे बाटल्या एकमेकींवर आपटल्या. दोघांनीही तो आवाज ऐकला. गाव संपेपर्यंत आणखी किती स्पीडब्रेकर आहेत हे मधुकरच्या आजवर कधी ध्यानात आलं नव्हतं.

“लोकांची पोरं नेते मी रोज,” रंजिता म्हणाली. “कुनाला ओरखडा येऊ दिला नाय.”

तिने गिअर बदलला.

“स्कूटर मी दिली त्याला. सोळा वर्षांचा हाय ठाव असून दिली. ते माजं. बाकीचं तुजं.”

मोठ्या रस्त्याला लागल्यावर पुढे माणसं जमलेली दिसली. एक डंपर तिरका उभा होता, त्याचे मागचे दिवे उघडझाप करत होते, आणि त्याच्या चाकापाशी लोक वाकून बघत होते. रंजिताने वेग कमी केला, पण गाडी थांबवायला तिचा पाय तयार होईना. स्टिअरिंग तिने इतकं घट्ट धरलं होतं की सुकलेल्या हळदीचे पोपडे सुटून मांडीवर पडत होते. मधुकरने काच खाली केली.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“टायर फुटला,” एक माणूस म्हणाला. “साइडने घ्या, साइडने.”

रंजिताने गाडी पुढे काढली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती हात सोडत नव्हती.

पुलाच्या अलीकडे त्यांना स्कूटर दिसली. स्टँडवर नीट उभी होती. सीटवर खणाने झाकलेली वाटी होती आणि एका हाताने ती धरून भाग्यश्री उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली होती. दिपेश कठड्याशी बसून ओकत होता.

“डंपरच्या अंगावरच घालत होता काकी,” भाग्यश्री म्हणाली. “मी थांबायला लावलं आनि चावी काढून घेतली. पप्पांची काढून घ्यायची सवय हाय मला.”

“फोन का नाय उचललास?” मधुकरने विचारलं.

“उचलून काय सांगू? गाडी पाटवा? तुमच्या गाडीची बॅटरी उतरली होती ना मामा.”

रंजिता दिपेशसमोर जाऊन बसली. हनुवटीला धरून तिने त्याचं तोंड वर केलं. तिच्या बोटांची हळद त्याच्या गालाला लागली.

“कोनी दिली?”

भाग्यश्रीने मधुकरकडे पाहिलं. दिपेशने पाहिलं नाही.

“मिथुननं,” तो म्हणाला.

“कोन मिथुन?”

“कॉलेजातला. बांधावर नेलं होतं मला. मामाला कायपन ठाव नाय.”

मामाचं नाव कुणी काढलंही नव्हतं.

रंजिता तशीच बसून होती. ती मान वळवून भावाकडे बघत राहिली. एक डंपर धूळ उडवत गेला, धूळ खाली बसली तरी ती बघतच होती. ती कशाची वाट बघतेय हे मधुकरला पुरतं कळलं. तिला तर सगळं सांगून झालंय, त्याला वाटलं. आता या पोरीसमोर, या पोरासमोर पुन्हा कशाला? ‘मीच दिली’ एवढंच म्हणायचं होतं. पण तो वळला आणि स्कूटरचं स्टँड काढू लागला.

“बरं,” रंजिता म्हणाली.

तिने भाग्यश्रीला गाडीत बसवलं आणि वाटी तिच्या मांडीवर दिली. दार लावण्याआधी ती स्कूटरपाशी आली.

“स्कूटर चालू करायची नाय. ढकलत घरी न्यायची. दोगांनी.”

गाडी खारघरच्या दिशेने गेली. खड्ड्यात चाक गेलं तेव्हा बाटल्या वाजल्या, मग त्यांचाही आवाज ऐकू येईना.

मधुकरने हँडल धरलं, दिपेश मागून ढकलू लागला. पोराचे पाय अजून नीट पडत नव्हते, पण ओकून त्याला हलकं वाटत असावं. थोडं अंतर गेल्यावर तो मामाच्या बाजूला आला.

“मामा, मी तुजं नाव नाय घेतलं.”

ते म्हणताना त्याची मान ताठ होती. मघाशी पेला संपवल्यावर लोक हसले तेव्हाही तो असाच उभा होता. शाबासकी द्यायची आणि विषय मिटवायचा, एवढंच मधुकरला करायचं होतं. त्याला ते जमलं नाही.

“तुज्या आईला ठाव हाय,” तो म्हणाला. “मीच सांगितलं.”

दिपेश थांबला. “कवा?”

“घरनं निगायच्या आदी.”

“म्हंजे मी मिथुनचं बोललो तवा तिला ठाव होतं?”

“हो.”

“आनि तुलापन ठाव होतं, तिला ठाव हाय ते.”

मधुकरने मान हलवली.

“मग मी खोटं बोलत होतो तवा तू गप का राहिलास?”

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एकेका गाडीच्या उजेडात दिपेशचा चेहरा दिसायचा, गालावर आईच्या बोटांची पिवळी खूण होती. तो उत्तराची वाट बघत होता, अगदी मघाशी त्याची आई बघत होती तशीच. मधुकरने हँडल घट्ट धरलं आणि स्कूटर पुढे ढकलायला घेतली.

“सोड,” दिपेश म्हणाला. “मी नेतो.”

त्याने मामाच्या हातातून हँडल घेतलं आणि एकटाच ढकलत निघाला. स्कूटर जड होती, दर चार पावलांवर ती एका बाजूला कलत होती. मधुकरने धरायला हात पुढे केला. दिपेशने मागे वळून पाहिलं नाही.