माझी घंटा बदला

मी मतदानाचं पिंप बोलतोय. आमच्या गांबियात, पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या देशात, मत कागदावर देत नाहीत. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराचं एक पिंप असतं. मतदाराच्या हाती एकच काचेची गोटी देतात. ती ज्याच्या पिंपाच्या तोंडात टाकली, त्याला मत. आतली घंटा एकदा वाजते आणि गोटी खाली वाळूत बसते, म्हणजे पुन्हा खणखणाट नको. एकाच माणसाच्या वेळी घंटा दोनदा वाजली तर पडद्याबाहेरचे अधिकारी लगेच उठतात. त्या दिवशी सायकलीसुद्धा शाळेपासून लांब ठेवायला लावतात, घंटीचा घोळ नको म्हणून.

समुद्रकाठच्या शहरात एका वेल्डिंगवाल्यानं मला पत्र्यातून जोडलं. पहिल्यांदा मला हिरवा रंग दिला, मग पिवळा, मग राखाडी. ज्याचा रंग त्याचा मी. निवडणूक झाली की गोदामात टाकायचे आणि विसरायचे. त्या गोदामाचं छप्पर गळकं होतं. माझ्या तोंडातून पाणी आत जायचं. घंटेला गंज चढला. बाकीची पिंपं ‘टिंग’ करायची. माझ्यातून ‘ठक्क’ असा आवाज यायला लागला. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आवाज कसा का असेना, गोटी पोचल्याशी कारण.

यंदा मला जांभळा रंग दिला आणि पोटावर एका मुलीचा फोटो चिकटवला. तिदा तिचं नाव. सव्वीस वर्षांची. कुठल्या पक्षाची नव्हती, एकटीच उभी होती. बायकांच्या भाजीमळ्याला विहीर हवी आणि लग्न झालेल्या मुलींना पुन्हा शाळेत बसू द्यावं, एवढंच तिचं मागणं. तिच्या विरुद्ध काम करत होता तिचाच सख्खा चुलता देम्बो.

मतदानाच्या सकाळी शाळेच्या वर्गात सगळ्यांसमोर घंटा वाजवून बघतात. पहिलं पिंप, टिंग. दुसरं, टिंग. मी, ठक्क. तिदाचा चेहरा उतरला. घंटा बदलून द्या, असं ती अधिकाऱ्याला म्हणाली. तो चांगला माणूस होता, पण त्याच्याकडे दुसरी घंटा नव्हती. वाजते आहे ना, मग झालं, असं म्हणून त्यानं कागदावर सही केली.

देम्बोनं ते ठक्क नीट ऐकून घेतलं. खुर्ची उचलून बाहेर आंब्याखाली, बरोबर खिडकीसमोर जाऊन बसला आणि चहा उकळायला ठेवला. रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल असं, हसत हसत म्हणाला, “आत डोळ्यांना पडदा आहे. कानांना नाही हं.”

दोन बायका पोरांना काखेत मारून घरी निघून गेल्या. त्या रांगेत देम्बोची सून कुंबा होती. एकोणीस वर्षांची. ह्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि बाक सुटलं. घरात सासऱ्यानं बजावून ठेवलं होतं: ठक्क ऐकू आलं, तर संध्याकाळी तुझं गाठोडं आणि तू माहेरच्या वाटेला.

मी काय करणार? पिंपाला गप्प बसता येत नाही. मी मनाशी म्हणत होतो, पोरी, माझ्याकडे नको येऊस.

तिदा धावत आपल्या आजीकडे, देम्बोच्या आईकडे गेली. जोन्साबा आजीचं अंगण शाळेच्या भिंतीला लागूनच. थोड्या वेळानं तिथून आवाज सुरू झाला. धप, धप, धप. एका उखळात तीन मुसळं, तीन बायका, बाजरी कांडताहेत. एकीची मत द्यायची पाळी आली की ती मुसळ दुसरीच्या हाती द्यायची आणि मत देऊन परत यायची. आतल्या अधिकाऱ्यांना माझी घंटा ऐकू येत होती. आंब्याखाली मात्र धप धप सोडून काही पोचेना.

देम्बोनं मान वळवून भिंतीपलीकडे हाक मारली, “आई, सकाळपासून काय लावलंयस हे? थांबव.”

“थांबवते की,” आजी म्हणाली. “मग दुपारी गोट्या खा.”

रांगेत हसू पसरलं. गेलेल्या दोघींपैकी एक परत आली.

दुपारी उखळातली बाजरी संपली. दोघी जणी नवीन पोतं आणायला गेल्या, आणि नेमकी तेव्हाच कुंबा आत आली. बाहेर एकदम शांत. देम्बोनं चहाचा पेला खाली ठेवल्याचंसुद्धा मला ऐकू आलं.

कुंबा पडद्याआड उभी राहिली. आधी तिनं गोटी पहिल्या पिंपाच्या तोंडाशी नेली. तशीच थांबली. मग माझ्याकडे आली. गोटी माझ्या काठाला लागून किरकिरत होती. टाकावी की नाही, तिला कळत नव्हतं. मलाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. पण हा वेगळा होता, लाकडावर लाकूड. आजी एकटीच रिकाम्या उखळात मुसळ घालत होती. कुठलीच बाई असं करत नाही, उखळ फुटतं. हे उखळ तिच्या आईनं तिच्या लग्नात दिलेलं. एक घाव. दोन. तीन. चौथ्याला काड्कन आवाज झाला, आणि त्या आवाजात कुंबानं गोटी सोडली.

माझं ठक्क बाहेर कुणालाही ऐकू गेलं नाही. मी तिची गोटी वाळूत घट्ट धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक यायचा होता म्हणून आम्ही वर्गातच होतो. तिदा माझ्यावरचा फोटो काढायला आली, मागून आजी. आसपासच्या गावांची मोजणी धरून तिदा तेवीस गोट्यांनी हरली होती. ती माझ्यासमोर खाली बसली आणि नखानं फोटोची कड खरवडत राहिली.

आजीनं निकालाचं विचारलं नाही. म्हणाली, “कुणाला माहेरी पाठवलं का?”

“नाही,” तिदा म्हणाली. “कुंबा पहाटे पाणी भरत होती. मी बघितलं.”

“मग फोटो नीट काढ. पुढच्या वेळी लागेल.”

आता मी पुन्हा गोदामात आहे. छप्पर तसंच गळतंय. म्हणतात, पुढे कागदावर मतं घेतील. घेऊ देत. पण तोपर्यंत मला पुन्हा रंगवायला बाहेर काढलंत, तर रंगाच्या आधी माझी घंटा बदला. आजीकडे दुसरं उखळ नाही.