राखणीची पाळी

सरूनं समुद्र पाहिला होता, पण त्याच्याकडे पाठ करून. काशीदला सगळे लाटांत नाचले तेव्हा ती वाळूवर पिशव्यांकडे तोंड करून बसली होती. महाबळेश्वरला दरीत धुकं उतरलं तेव्हा तिच्या पुढ्यात होत्या साऱ्यांच्या चपला, पर्सा आणि कुणाचा तरी सारखा गुरगुरणारा मोबाइल. लग्नाकार्यात तर विचारूच नका. वऱ्हाड हळदीला नाचायला गेलं की खोलीची कडी आतून लावून सोन्यावर बसायचं ते सरूनं. "सरूपाशी दिला म्हंजी तिजोरीत टाकला," सासू धोंडुबाई कौतुकानं सांगायची.

तिजोरीला कुणी नाचायला बोलावत नाही.

पेणच्या खाली खाडीकाठी त्यांचं गाव. मे महिन्याची सुट्टी लागली आणि पोरांनी, निकेशनं नि ऋतुजानं, स्कूबाचं काढलं. रोह्याच्या अलीकडे एका जुन्या दगडखाणीत पाणी साचून हिरवंगार तळं झालं होतं. कुणा हौशी माणसानं तिथं पाण्यात उतरवायचा धंदा मांडला होता, आणि तळाशी लोकांना बघायला काहीतरी हवं म्हणून भंगारातली एक लाल एसटी सोडली होती.

"पाण्याखाली एसटी!" हिरामण हसून हसून दमला. सरूचा नवरा तो. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करायचा. "तिकडं तरी टायमावर येते का?"

सरू हसली नाही. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. लाल एसटी तिनं जन्मभर पाहिली होती. मांडीवर पोर, पायाशी सुक्या मासळीची टोपली, खांद्याला तिघांच्या पिशव्या. त्या एसटीत मोकळ्या हातानं बसलेली सरू मात्र तिला आठवेना.

निघताना घराला कुलूप लागणार, मग सोनं कुणापाशी ठेवायचं? घरात ठेवलं तर चोराची भीती, म्हणून सगळं बरोबर घ्यायचं, ही या घरची रीतच. गंठण, पाटल्या, निकेशच्या लग्नासाठी केलेला हार, सारं भाकरीच्या स्टीलच्या डब्यात, वर फडकं, फडक्यावर भाकऱ्या. डबा सरूच्या मांडीवर.

खाणीवर उन्हाचा नुसता तवा तापला होता. साहिल नावाचा पोरगा सगळ्यांना उतरवत होता. ऋतुजानं त्याला लॉकरचं विचारलं.

"आहेत, पण कड्या गंजल्यात ताई. गेल्या रविवारी एकाच्या गाडीची काच फोडून पाकीट नेलं. कुणीतरी सामानाजवळ बसलेलं बरं."

आणि सगळ्यांचे हात एकदम हलले. निकेशचा मोबाइल, ऋतुजाचं घड्याळ, हिरामणचं पाकीट, गाडीची चावी. जिथं कायम ठेवत आले तिथं, सरूच्या पुढ्यात. कुणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या खुंटीकडे कोण बघतो?

"मना पन उतरायचाय," सरू म्हणाली.

"कुठं?" हिरामणनं विचारलं.

"पान्यात."

"अगो, मग सामान?"

"तेच विचारते मी. मग सामान?"

निकेश म्हणाला, "आई, तुला कशाला ते? तोंडात नळी घालतात, गुदमरशील."

"तू जल्मलास तवा मी मिठागरात कमरेइतक्या पान्यात उबी होती. मना पानी शिकवतंस?"

"आजी बसेल ना सामानापाशी," ऋतुजा आईची बाजू घेत म्हणाली.

सगळ्यांनी धोंडुबाईकडे पाहिलं. कानात बुगड्या, गळ्यात गाठी, हातात पाटल्या. गुलमोहराच्या सावलीत म्हातारी पेंगत होती. ती राखणार काय, तिलाच राखायला माणूस हवं होतं.

"ह्या वक्ताला बस," हिरामण समजुतीनं म्हणाला. "पुडच्या वक्ताला तू."

पुढची वेळ. काशीदलाही हीच मिळाली होती.

सरू मांडीवरचा डबा सामानात ठेवून उठली. पायऱ्यांपाशी झेंड्याचा एक मोडका बांबू पडला होता. तिनं तो उचलला, झेंड्याचं फडकं सोडून बाजूला ठेवलं, आणि हिरामणच्या पायापुढं, दोन दगडांच्या मधल्या मातीत, खचकन रोवला.

हिरामणचा चेहरा उतरला. पोरांना काही कळलं नाही, त्याला मात्र कळलं.

मिठागरात ही रीत होती. बाया-पुरुष मीठ ओढायला खारवणात उतरले की डबे, चपला, अंगावरचं सोनंनाणं सारं बांधावर एका जागी ठेवायचं, आणि ज्याची पाळी त्याच्यापुढं काठी रोवायची. काठी रोवली की माणूस हलत नाही. पुढच्या पाळीचा येऊन काठी उपटेल तेव्हाच सुटका. काठी टाकून जो उठला त्याला बांधावर पुन्हा कुणी जेवायला हाक मारत नसे. आज याची, उद्या तिची. बाईची, पुरुषाची, मुकादमाच्या भावाचीसुद्धा. मग बांध फुटले, खाडी आत आली, मिठागरं बंद पडली. मिठागरं गेली, काठी गेली, पाळी गेली. राखण तेवढी सरूपाशी राहून गेली.

"अगो, ह्या काय मिठागर हाय?" हिरामण पुटपुटला. "लोकं बगतात."

"बगूंदे."

"माजी हौस होती गो..."

"माजी नव्हती?"

तेवढ्यात गुलमोहराखालून आवाज आला. धोंडुबाईचे डोळे मिटलेलेच होते. "हिरामन, काटी रोवली नं ती? मंग गप बस. तुजा बापूस तापानं फनफनला होता, तरी काटी सोडून उटला नव्हता."

हिरामण सामानापाशी बसला.

साहिल सरूला म्हणाला, "काकू, गळ्यातलं काढावं लागेल. खाली अडकतं."

मंगळसूत्र! हिरामणनं मान वर केली. आता तरी ही थांबेल, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. सरूनं हात मागं नेले, मंगळसूत्र डोक्यावरून काढलं आणि वाकून त्याच्याच गळ्यात घातलं.

"तुमच्या नावाचा हाय. तुमीच सांबाला."

ऋतुजानं शिट्टी मारली.

आधी पोरं एकदा उतरून आली. मग सरूला तो काळा रबरी पोशाख चढवताना दोघी मायलेकी घामाघूम झाल्या. पाठीवर नळकांडं, कमरेला शिशाचा पट्टा, डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडात नळी. साहिलनं हात धरला, आणि वरचं जग डोक्यावर मिटून गेलं.

आधी तिनं नळी दातांत घट्ट धरली. मग आपलाच श्वास ऐकू यायला लागला, जात्याच्या घरघरीसारखा, आत-बाहेर, आत-बाहेर. जात्यापाशी ओव्या येतात तशी तिथंही एक आली, ओठ बंद असताना, नुसती मनात:

*राखन राखिली गो, काटी रोविली बांदावरी,*
*सरली माजी पाली, जाते मी तलावरी.*

हिरव्या उजेडातून ती दिसली. लाल एसटी. रंग उडालेला, दाराला शेवाळ, खिडक्यांतून बोटाएवढे मासे आत-बाहेर करत होते. गर्दी नव्हती. "सरका पुडं" म्हणणारं कुणी नव्हतं. साहिलनं दारातून आत नेलं. सरूनं खिडकीची सीट धरली आणि बसली.

मांडीकडे पाहिलं. मांडीवर काही नव्हतं. पिशवी नाही, डबा नाही, पोर नाही. हात काय करायचे तेच कळेना. मग तिनं ते सोडून दिले, आणि ते आपोआप वर आले, तरंगले, दोन पाखरं उडावीत तसे. चष्म्याच्या आत डोळ्यांना खारं लागलं. पाणी तर गोडं होतं.

ती वर आली तेव्हा काठावर गंमत झाली होती. हिरामण तसाच बसून होता, पण त्याच्याभोवती पिशव्यांचा डोंगर. शेजारच्या पनवेलकरांच्या, कॉलेजच्या पोरांच्या, कुणाचं तर हेल्मेटसुद्धा. "काका बसलेच आहेत, जरा बघा" म्हणत एकेकानं टाकून दिलं होतं. घामानं शर्ट भिजला होता, आणि गळ्यात मंगळसूत्र.

"आली बाय एकदाची!" तो म्हणाला. "चा प्याया पन उटलो नाय. मुताया पन नाय. घे आता, उपट ती काटी."

सरूनं केस पिळले. काठीकडे पाहिलं. सवयीनं हात पुढं गेलासुद्धा. मग तिनं तो मागं घेतला.

"मी नाय उपटनार."

"मंग कोन?"

"माजी पाली लग्नापासून चालली होती. ती सरली. आता निकेसची."

"आई, मी परत जाणार होतो!"

"जा की. संध्याकाली."

निकेशनं आजीकडे पाहिलं. आजीचे डोळे या वेळी उघडे होते. तो तोंड वाकडं करत आला, काठी उपटली आणि आपल्यापुढं रोवून घेतली. हिरामण गुडघे धरत उठला आणि गळ्यातलं काढायला लागला.

"ह्या तरी घाल आता."

"ऱ्हाऊंदे वाईच," सरू म्हणाली. "शोबतंय."

मग ती पायऱ्यांकडे वळली. "साहिल, मना परत ने रं. ड्रायवरची शीट ऱ्हायलीय."