अकरा टाके

सैन्याचा इतिहास लिहिणाऱ्या माणसापुढे म्हातारीने पाण्याचा पेला ठेवला, तोही अर्धाच. भरलेला पेला पिणारा माणूस पाय पसरून बसतो, असा तिचा अनुभव.

“तिसऱ्या पलटणीचा खंड छापायला निघालाय, आजी. मुलाचा पोशाख तेवढा दाखवा. चंद्रावरून आलेला.”

“आठ वर्षं कुणाला आठवण नाही, आणि आजच बरा उमाळा आला!”

तो ओशाळं हसला. म्हातारीला ते हसणंही विकतचं वाटलं. आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून सून उभी होती.

पलटणीचे हवाबंद पोशाख म्हातारीच्याच हातचे. शाळा दुसरीत सुटलेली, पण शिवणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने प्रत्येक शिपायाला एक सवय लावली होती. हवेची कुपी बदलली की कॉलरच्या अस्तरात एक टाका घालायचा. कुपी एक दिवस पुरायची. टाके मोजले की अस्तर किती दिवस वापरलं ते तिला कळायचं.

सरकारी पत्रात लिहिलं होतं की नवे पोशाख घालून पलटण उतरली त्याच दिवशी शत्रूने चौकी वेढली, अकराव्या दिवशी सगळे गेले, म्हणून सुटकेचं यान पाठवलं नाही. पुढे वर्षभराने पोशाख घरी आला, तेव्हा मुलाच्या कॉलरमध्ये टाके सव्वीस होते.

हे तिने फक्त सुनेला सांगितलं होतं. पोशाख सरकारच्या हाती गेला तर टाके उसवायला कितीसा वेळ! मग पोराचे ते पंधरा दिवस कुठून आणायचे? म्हणून या माणसाची चिठ्ठी आल्यापासून चार दिवस खपून तिने दुसरा पोशाख शिवला होता. जुन्या कापडाचा, बरोब्बर अकरा टाक्यांचा.

“हा घ्या.”

त्याने कॉलर उलटी केली. ओठ हलवत मोजलं.

“दोरा नवा आहे, आजी.”

“आमच्या घरी दोरा जुना होईपर्यंत टिकत नाही.”

“तुमचं सातवं घर. सगळीकडे अकराच, आणि सगळीकडे दोरा नवा.” त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “अकरा लिहायला मला दारोदार कशाला फिरावं लागलं असतं?”

“मग फिरताय कशाला?”

त्याने पोशाखाची नीट घडी घातली.

“तेव्हा मी बिनतारी यंत्रावर होतो. बाराव्या दिवशी चौकीवरून आवाज आला. वरून हुकूम आला, यंत्र बंद कर. मी केलं. नुसत्या माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? एक तरी खरा पोशाख हवा.”

“सासूबाई, गोडबोल्या आहे हा,” सून दाराला आणखीच चिकटली. “घालवा याला.”

म्हातारी त्याला न्याहाळत राहिली. खोटं बोलणारी माणसं खाली बघतात, आणि लाजलेलीही. यातला हा कुठला, ते काही केल्या उमगेना. शिवण असती तर ताणून पाहिली असती.

ती स्टूल ओढून त्याच्या समोर बसली.

“पोशाखाचं मागाहून बघू,” ती म्हणाली. “आधी सांग, आवाज कुणाचा होता?”