बेडकांच्या झाडातले मामा

बेडकांच्या बारा जातींचा वंशवृक्ष काढता काढता बेडूकताईचं डोकं उठलं होतं. हे नाव अर्थातच धाकट्या भावानं ठेवलेलं. जनुकं ताडून कोण कोणाच्या जवळचं ते संगणक चटकन सांगायचा, पण सगळ्यांत जुनी फांदी कोणती म्हटलं की मेला मूग गिळून बसायचा.

वैतागून ती घरी आली, तर आई आणि मावशी खानदानी नाक कोणाचं यावरून हमरीतुमरीवर आलेल्या. आईचं नाक धारदार, मावशीचं चपटं. तेवढ्यात त्यांचे आतेभाऊ, म्हणजे ताईचे मामा, दारात उभे राहिले. त्यांचंही नाक चपटंच!

"बघ!" मावशी ओरडली. "लांबच्या घरातही हेच नाक, म्हणजे हेच मूळचं!"

ताई ताडकन उठली. तिनं फाइलीत नुसते बेडूकच कोंबले होते, लांबचा नातेवाईक एकही नव्हता.

सकाळी तिनं बेडकांचा शेपटीवाला भाऊबंद, सॅलमँडर, त्यात घातला आणि सगळ्यांत जुनी फांदी कळली, झाडाला मूळ सापडलं. आनंदाच्या भरात तिनं मामांना सॅलमँडरचा फोटो पाठवला : "मामा, माझ्या झाडातले तुम्ही!"

मामांचं उत्तर आलं, "नाक मात्र माझ्यावर गेलंय हं."