टाकीतला फायटर

दौंड स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर डॉक्टर करुणांचा दातांचा दवाखाना आहे. माया तिथं अकरा वर्षं काम करत होती. नंबर लावायचे, अवजारं उकळून ठेवायची, आणि भेदरून रडणाऱ्या पोरांना माशांच्या टाकीपुढं नेऊन उभं करायचं. ती तीन फुटी टाकी मॅडमनी विकत आणली होती खरी, पण सांभाळली मायानं. नळाचं पाणी आदल्या दिवशीच बादलीत भरून ठेवायचं, एका वेळी सगळं पाणी कधी बदलायचं नाही, हे ती चुकत चुकत शिकली होती. पहिल्या वर्षी मेलेल्या सात माशांसाठी केडगावला घरी जाऊन रडलीही होती. आता टाकीत आठ टायगर बार्ब होते, काळ्या पट्ट्यांचे, दिवसभर एकमेकांमागं पळणारे. येणारं-जाणारं माणूस म्हणायचं, "मायाताई, मासे लई भारी ठेवलेत." तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

जूनमध्ये तेजश्री कामाला लागली. शिरूरची, पंचवीस-सव्वीसची, मावशीकडं दौंडला राहायला आलेली. मॅडमनी तिला कॉम्प्युटरसाठी घेतलं होतं, पण महिन्याभरात ती एक्स-रेचं मशीनही हाताळायला लागली. मायाचा हात त्या मशीनला आजवर फक्त फडक्यानं पुसायला लागला होता. पुढं मॅडम तिला तेजू म्हणायला लागल्या. माया हे नाव मुळात दोनच अक्षरांचं, त्याचं आणखी काय लहान करणार, अशी मायानं स्वतःची समजूत घातली. ती पटली मात्र नाही.

ऑगस्टमध्ये मॅडमच्या वाढदिवसाला तेजश्री हातात पाण्यानं भरलेली पिशवी घेऊन आली. आत एकच मासा. गडद निळा, कडेला लालसर झाक, आणि शेपटी अशी की साडीचा पदर पाण्यात सोडावा.

"मॅडम, हा बेट्टा. दुकानात फायटर म्हणतात. बिचारा एवढ्याशा बाटलीत कोंडून ठेवला होता. आपल्या मोठ्या टाकीत सोडायचा का?"

मॅडमनी पिशवी उजेडात धरली, खूश झाल्या आणि मायाकडं वळल्या. "काय माया, सोडायचा?"

मायाला पक्कं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं हौसेनं लांब शेपटीचे गप्पी मासे आणले होते, तर ह्याच बार्बनी चार दिवसांत त्यांच्या शेपट्या कुरतडून टाकल्या होत्या. फायटरला तर धड पळताही येत नाही. 'नको' एवढा एकच शब्द जिभेवर होता. पण समोर तेजश्रीचा आनंदानं फुललेला चेहरा होता, आणि मॅडमचा हात तिच्या खांद्यावर होता.

"तुम्ही म्हणाल तसं," माया म्हणाली.

मासा टाकीत गेला. त्या दिवसापासून टाकीच मायाची राहिली नाही. पोरं आल्या आल्या काचेला नाक लावून विचारायची, "तेजूताईचा मासा कुठंय?" कवळी बसवायला आलेले खुटबावचे मल्हारीमामा नंबर आला तरी उठेनात.

"आरं काय देखणा हाय ह्यो! कुणी आणला गं?"

"तेजश्रीनं."

"पोरीला नजर हाय बरं का. न्हाईतर हितं नुसतं पट्ट्यावालं मासं हुतं."

मायानं पुढच्या पेशंटचं नाव नको इतक्या मोठ्यानं पुकारलं.

आठवड्यात शेपटीच्या कडा दातेरी दिसायला लागल्या. बार्ब टोळक्यानं यायचे, एक लचका तोडायचे आणि पसार. फायटरला श्वास घ्यायला मधूनमधून पाण्यावर यावं लागतं, आणि फिल्टरची धार त्याला वर येऊ देत नव्हती. धार कमी करायचं बटण कुठं आहे हे दवाखान्यात एकट्या मायाला ठाऊक होतं. तिनं त्याला हात लावला नाही. सकाळी दाणे टाकताना ती टाकीकडं न बघता टाकायची.

घरी मात्र तिची बडबड वाढली होती. तेजश्रीनं असं केलं, तेजश्री तसं हसली, मॅडमनी तिलाच चहा विचारला. एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता तिचा नवरा विनोद म्हणाला, "माया, तू त्या पोरीवर जळतीस."

"मी? मी कशाला जळू?"

"मग तिचं नाव घेतल्याबिगर तुझा घास का उतरंना?"

माया त्याच्याशी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आतल्या खोलीत अवजारं पुसत होती. बाहेर पेशंट नव्हते. तेजश्री टाकीपुढं उकिडवी बसून रडत होती, मॅडम तिच्यामागं उभ्या होत्या. मासा फिल्टरच्या नळीमागं कोपऱ्यात अंग चोरून पडला होता. रंग उडालेला, शेपटीच्या जागी नुसत्या काड्या. दोन दिवस त्यानं दाण्याला तोंड लावलं नव्हतं.

"मीच मारला त्याला, मॅडम. बाटलीत तरी जगला असता."

"अगं, तुझं कसं चुकलं? मी मायाला विचारलं होतं ना," मॅडम म्हणाल्या. "तिनं नको म्हटलं असतं तर मी पिशवीची गाठसुद्धा सोडू दिली नसती. माशांतलं तिच्याइतकं इथं कुणाला कळतं? ती काही बोलली नाही, म्हणजे मासाच आधीपासून आजारी असणार."

मायानं हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला. इतके दिवस कौतुकाच्या ज्या शब्दासाठी ती झुरत होती, तो मॅडमनी सहज, तिच्या पाठीमागं उच्चारला होता. आणि तो मिरवायला तिला तोंड उरलं नव्हतं.

ती बाहेर आली. कपाटातली मोठी काचेची बरणी काढली, टाकीतल्याच पाण्यानं भरली आणि हाताच्या ओंजळीत फायटरला हळूच उचलून तिच्यात सोडलं. मग तेजश्रीशेजारी खाली बसली.

"मासा आजारी नव्हता. ह्या बार्बनी त्याला कुरतडलं. ते कुरतडणार हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

तेजश्रीनं डोळे पुसायचे थांबवले. "मग बोलला का नाहीत?"

"तुझं कौतुक मला सोसवत नव्हतं."

मॅडम केबिनमध्ये निघून गेल्या. तेजश्री उठली, पर्स घेतली आणि वेळ व्हायच्या आधीच घरी गेली.

मायानं दुसऱ्या दिवशी आठही बार्ब झाकणाच्या बादलीत घालून दुकानात परत दिले आणि बदल्यात तळाशी गुमान फिरणारे सहा छोटे मासे आणले. फिल्टरची धार मंद केली, तोंडाला स्पंजचा तुकडा बांधला. दाट पानांची झाडं लावली, लपायला मातीचा आडवा कुंडा ठेवला. रस्त्याकडच्या जंगली बदामाची वाळकी पानं धुऊन पाण्यात सोडली; त्यानं जखमा भरतात असं दुकानदार म्हणाला होता. पाणी चहासारखं पिवळसर झालं. पेशंट नाकं मुरडायला लागले, तिनं मुरडू दिली. बरणीतलं पाणी ती रोज थोडं थोडं बदलत होती. पाचव्या दिवशी मासा वर आला आणि त्यानं एक दाणा गिळला. दोन आठवड्यांनी तिनं त्याला टाकीत सोडलं.

एवढ्या दिवसांत तेजश्री तिच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी दाण्यांचा डबा हातात घेऊन तिनं विचारलं, "किती टाकू?"

"चारच. जास्त झाले तर पोट फुगतं."

तेजश्रीनं मोजून चार दाणे टाकले. माफ केलं वगैरे काही ती म्हणाली नाही, आणि मायानंही विचारलं नाही. शेपटी परत वाढली, पण एका बाजूनं आखूडच राहिली. पोरं अजून त्याला तेजूताईचाच मासा म्हणतात. मायाला ते अजून टोचतं.

दिवाळीत दवाखाना चार दिवस बंद होता. फायटर तेवढे दिवस उपाशी राहू शकतो हे ठाऊक असूनही माया तिसऱ्या दिवशी केडगावहून गाडीनं आली. बघते तर बंद शटरच्या पायरीवर तेजश्री बसलेली. सणासाठी शिरूरला गेलेली पोरगी दोन एस्ट्या बदलून आली होती, आणि किल्ली तिच्याकडं नव्हतीच.

एवढ्या लांबून हिला यायची काय गरज होती, असं मायाच्या मनात आलंच.

"कवापासून बसलीस?" तिनं विचारलं.

"तासभर झाला."

"फोन करायचा की गं," माया म्हणाली आणि कुलूप काढायला वाकली. शटर जड होतं. दुसऱ्या बाजूनं तेजश्रीनं हात लावला.