वर केलेला हात

पाणाड्याने हात वर केला, तरी जमिनीखालचा दांडा सरकतच राहिला. त्याने दुसराही हात वर केला. फुटपाथच्या कडेने पाणी उसळलं आणि थेट समोरच्या औषधांच्या दुकानात शिरलं. तेव्हा कुठे मशीन थांबलं.

फायबरची केबल टाकायची तर हल्ली सगळा रस्ता उकरत नाहीत. एका टोकाला ड्रिल मशीन उभं करतात आणि लोखंडी दांडे आतल्या आत पुढे रेटतात. मागाहून नळी, नळीतून केबल. दांड्याचं तोंड कुठे पोचलं ते वरून यंत्र घेऊन चालणाऱ्याला कळतं. हा चालणारा म्हणजे पाणाड्या. विहिरीचं पाणी शोधणाऱ्यासारखा मान खाली घालून जमीन हुंगत फिरतो म्हणून पडलेलं नाव. मशीनवर त्याच्या बहिणीचे यजमान. त्याचे दाजी, म्हणून साइटवर सगळ्यांचेच दाजी. कंपनीने वॉकीटॉकी दिले होते, पण ते पेटीत लोळत पडलेले. "त्या डबड्यात कोण कोकलणार? तू हात कर, मी बघतो," हा दाजींचा खाक्या. आजवर त्यावरच निभावलं होतं.

निभावलं म्हणजे पाणाड्याने निभावलं होतं. दाजींना लांबचं धूसर दिसायला लागलंय, हे ताईने त्याला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतं. "त्यांच्यासमोर विषय काढू नकोस. मशीनवरून उतरवलं तर खचतील रे." तेव्हापासून तो भडक नारिंगी हातमोजे घालायचा, आणि बाकीचे त्याला ट्रॅफिक हवालदार म्हणून चिडवायचे. आज ऊन नेमकं दाजींच्या डोळ्यांवर होतं. हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

"पाणाड्याला पाणी लागलं एकदाचं," मागे कुणीतरी पुटपुटलं. कुणी हसलं नाही. सुपरवायझर पाण्यातून वाट काढत आला.

"हात केला होतास का? सरळ सांग. केला असशील तर चूक त्यांची. दोघांपैकी एकाला आज घरी जावं लागणार."

पाणाड्याला ताई आठवली. बेकार फिरत होता तेव्हा दाजींनीच त्याला या कामाला लावलं होतं, तेही आठवलं.

"नाही केला, साहेब. लक्ष नव्हतं."

"मग उद्यापासून येऊ नकोस," असं म्हणून सुपरवायझर मशीनकडे गेला.

दाजी वाचले, असं पाणाड्याला वाटलं. तेवढ्यात दाजी तरातरा आले.

"लक्ष नव्हतं? अरे, मी डोळ्यांत तेल घालून तुझ्याकडे बघत होतो. आज पाणी निघालं. गॅसची लाइन असती तर?"

दाजी नाटक करत नव्हते. त्यांना ते अगदी खरं वाटत होतं. उद्या इथे दुसरा कुणी उभा राहील, आणि त्याचा हात दिसेल या भरवशावर दाजी दांडा रेटत राहतील. नोकरी गेल्याचं वाईट वाटायलाही पाणाड्याला सवड उरली नाही, इतकी भीती वाटली.

"दाजी, मशीनकडे बघा जरा. तिथे कोण आहे?"

दाजींनी डोळे बारीक केले. "सुपरवायझर असतील. दुसरं कोण?"

"काय करताहेत?"

"काय करणार? उभे आहेत."

तिकडून एक मजूर धावत आला. "दाजी, साहेब कधीचे हात करून बोलावताहेत तुम्हाला."

दाजी जागचे हलले नाहीत. पाणी त्यांच्या बुटांवरून वाहत होतं. मजूर परत गेल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "केला होतास तू?"

"हो."

"नीट वर?"

"दोन्ही केले होते, दाजी."

दाजींनी मान हलवली. खिशातून मशीनची किल्ली काढली, मुठीत धरली आणि ते चालू लागले. पाणाड्याने त्यांचा दंड धरला, तो त्यांनी हलकेच सोडवून घेतला.

"साहेब," अर्ध्या वाटेवरूनच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याने हात केला होता. मला दिसला नाही. मला आता दिसत नाही."

सुपरवायझर तोवर फोन घेऊन बाजूला गेला होता. दाजी ज्याच्याकडे बघून बोलत होते तो वाळूच्या गोण्या उतरवणारा एक मजूर होता. त्याने पाठीवरची गोणी खाली ठेवली, हेल्मेट काढलं आणि सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं.