माझ्या शेवटावर हळदीकुंकू

मित्रांनो, मी व्हिडिओ कॅसेट आहे. जुनी झाले, पण म्हणून गप्प बसणाऱ्यांतली नाही. मला राग आला आहे आणि तो तुम्हाला ऐकावाच लागेल.

बुधवार पेठेतल्या एका दुकानात माझा जन्म झाला. ललिताबाईंनी तरुणपणी नायिका म्हणून केलेल्या एका सिनेमाची रिळं गोदामात सडत चालली होती. बाईंनी खटपट करून तो माझ्यावर उतरवून घेतला. रिळं पुढे भंगारात गेली. सिनेमा उरला तो फक्त माझ्या पोटात.

त्यातली नायिका काही देवी नव्हती. ती खोटं बोले, सासूला फाडकन उत्तर देई, मुलावर जीव टाकी आणि रागाच्या भरात त्यालाच बदडून काढी. शेवटी नवऱ्याच्या जाचाला कंटाळून ती घर सोडते, खाणावळ काढते. नवरा न्यायला येतो, तेव्हा ती जे उत्तर देते त्याला थेटरात बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत. त्या उत्तरासाठीच बाईंनी मला जपलं होतं.

मग घरोघरी केबल आली. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा केबलवाला दिगंबर दुपारी आपल्या चॅनलवर सिनेमे लावायचा. बाईंनी हौसेने मला त्याच्याकडे दिलं. माझ्यावर कुणी दुसरं काही टेप करू नये, म्हणून माझ्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा त्यांनी मोडून ठेवला होता. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की टेप करता येतं, हे या पठ्ठ्याला बरोबर ठाऊक!

ठरलेल्या दुपारी बाई शेजारणींना जमवून टीव्हीपुढे बसल्या. नवरा खाणावळीच्या दारात आला, नायिकेने मान वर केली, आणि पडद्यावर सोसायटीचं हळदीकुंकू सुरू झालं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

बाई तडक दिगंबरच्या खोलीवर आल्या. “हे काय केलंत?”

“अहो बाई, अध्यक्ष आप्पासाहेबच म्हणाले, शेवट बरा नाही. घरोघरच्या सुना बघतात.”

“अस्सं? मग सुरुवात तरी चालते का, तेही विचारून यायचं होतंत.”

बाई रडल्या नाहीत. हळदीकुंकू टिपणारा कॅमेरा कोपऱ्यातच होता. “तो माझ्यावर धरा. चॅनलवर दिसू दे, आणि या कॅसेटवर त्या हळदीकुंकवाच्या जागी टेपही होऊ दे. आत्ता!”

केस पांढरे, अंगावर घरातली सुती साडी. समोर नवराच उभा असावा तसं बाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“आलात तसे जेवून जा. पण मी यायची नाही.”

आजही माझ्यात नवरा तरुण बायकोला न्यायला येतो आणि उत्तर देते ती म्हातारी बाई. मित्रांनो, असे सिनेमे जपा, आणि जपायचे तर शेवटासकट जपा. आप्पासाहेब गल्लोगल्ली आहेत. पुसलेलं पुन्हा बोलून दाखवायला ललिताबाई आता नाहीत.